जर्मन सुरांची पेटी

नानांची पेटी जर्मन सुरांची आहे, हे वाक्य आमच्यापैकी एकाने कळू लागल्यापासून ऐकले आहे. घरी नवा पाहुणा आला, की चहा येण्याआधी पेटीवरचे लुगड्याचे आच्छादन दूर व्हायचे, नाना भात्याला हलकेच हात लावायचे आणि एकच षड्ज लांबवून म्हणायचे, "आयका. जर्मन हाये." पाहुणा मान डोलवायचा. मान न डोलवणारा पाहुणा आमच्या आठवणीत नाही.

हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात, मराठीच्या एकाच विभागात, एका लोखंडी कपाटाच्या दोन बाजूंना बसून आम्ही अठरा वर्षे शिकवीत आलो. पेटी आमच्यापैकी एकाच्या वडिलांची. तिच्याविषयीची शंका दुसऱ्याची. त्यामुळे पुढे जिथे 'आम्ही' येईल तिथे दर वेळी आमचे एकमत आहे, असे वाचकांनी समजू नये. सोयीसाठी एकाला पेटीवाला आणि दुसऱ्याला शंकेखोर म्हणू.

नाना आज त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची कोरडवाहू शेती. १९६८ च्या हंगामात कापूस बरा झाला. तो बैलगाडीने घाट उतरवून खामगावच्या बाजारात नेला, अडत्याचा हिशेब झाला, आणि हाती उरलेल्या पैशांतून नानांनी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून पेटी आणली. दुकानदाराने दोन पेट्या समोर ठेवल्या होत्या, दिसायला जुळ्या. एक देशी सुरांची, दुसरी जर्मन सुरांची. दुसरीची किंमत जवळजवळ दीडपट. नानांनी दुसरी घेतली. त्या वर्षी घ्यायचा गोऱ्हा पुढच्या वर्षावर गेला. आजीने त्यावरून किती दिवस बोलणे सोडले होते, याच्या घरात दोन आवृत्त्या आहेत.

गावच्या भजनी मंडळाचा मात्र भाव वधारला. आजूबाजूच्या गावांतून हरिनाम सप्ताहासाठी बोलावणे यायचे ते 'जर्मन पेटीवाले भजन' म्हणून. तीन सुरांची पेटी ती: खर्ज, नर, मादी. मंडळातल्या किती जणांना जर्मनी कुठे आहे हे ठाऊक होते, हा प्रश्न गैरलागू आहे. खामगाव घाटाखाली आहे आणि जर्मनी त्याच्याही पलीकडे, एवढे पुरेसे होते.

गेल्या हिवाळ्यात पेटी दम धरेनाशी झाली. शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या सुमारास, माघ वद्य सप्तमीला, गावात सप्ताह असतो. त्याआधी ती दुरुस्त होणे आवश्यक होते. आम्ही दोघे ती गाडीत घालून खामगावला एका कारागिराकडे घेऊन गेलो. बोळातले दुकान, दाराशी सरसाचा वास, भिंतीवर टांगलेले भात्याचे कापड. त्याने पेटीच्या पट्ट्या काढल्या, सुरांची फळी उलटी केली, डोळ्याजवळ नेली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"जर्मन सूर आहेत," पेटीवाला म्हणाला. एखाद्या दवाखान्यात पेशंटचे नाव सांगावे तसे.

"कोन म्हनलं?"

"वडिलांनी मुद्दाम जर्मनच घेतली होती."

कारागिराने फळी आमच्याकडे वळवली. "सर, हे पालिताण्याचे हायेत. खर्जाच्या रांगेत ह्या नऊ पट्ट्या भायेरच्या दिसतात, कुठल्या तरी मोडक्या पेटीतल्या असतीन. बाकी सारे पालिताण्याचे." कानशीच्या खुणा कशा आहेत, पट्टीची जाडी किती, रिव्हेटचे डोके कसे, हे त्याने दाखवले. आम्हांला सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसल्या. मराठीच्या प्राध्यापकाला पितळ वाचता येत नाही.

"म्हणजे खराब आहेत का?"

तो जरा रागावलाच. "खराब कोन म्हनते? जवा बसोल्या तवा चांगल्या मानसानं कान लावून बसोल्या. आता असं कोनी बसोत नाही."

परतताना घाट चढेपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. मग शंकेखोर म्हणाला, "पंचावन्न-छप्पन्न वर्षे सगळे गाव पालिताणा ऐकून जर्मनी ऐकल्याची मान डोलवत होते." पेटीवाल्याला हे लागले. या एका वाक्यावर आमचा पुढचा दीड महिना गेला, आणि त्यातूनच हा लेख झाला.

ज्यांना पेटीच्या पोटात काय असते ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पितळेच्या छोट्या पट्टीला एक लांबट खाच असते. त्या खाचेवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाशी रिव्हेटने बसवलेली असते. भात्याचा वारा खाचेतून जाताना ती जीभ आत-बाहेर कंप पावते, आणि तो कंप म्हणजे सूर. पेटीवाल्यांच्या भाषेत या पट्टीलाच 'सूर' म्हणतात, हे आम्हांला भाषेच्या दृष्टीने फार सुंदर वाटते: सूर विकत आणता येतो, घासता येतो, गंजतो, बदलता येतो. जिभेच्या टोकाकडे घासले तर सूर चढतो, मुळाशी घासले तर उतरतो. जीभ आणि खाच यांच्यातली फट थोडी जास्त झाली तर वारा फुकट जातो, सूर उशिरा आणि पोकळ लागतो. फट फारच कमी झाली तर जीभ काठाला घासून किणकिणते. म्हणजे सुराचा दर्जा ठरतो तो पितळेच्या कसावर, जिभेच्या घडणीवर आणि बसवणाऱ्याच्या कानावर. यांतली पहिली गोष्ट कारखान्याची. दुसरी निम्मी कारखान्याची. तिसरी खामगावची, जालन्याची, पुण्याची, जिथे पेटी जुळवली जाते तिथली.

जर्मन सुरांचा बोलबाला निराधार होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. महाराष्ट्रातले जुने जाणते पेटीवादक जर्मन आणि पॅरिसच्या सुरांविषयी जे बोलत आले, त्यामागे अनुभव होता. जर्मनीत ट्रॉसिंगेन, क्लिंगेन्थाल यांसारख्या गावांत एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालले. तोंडाने वाजवायचे बाजे आणि अकॉर्डियन यांवर ती गावे जगली. एवढ्या हातांनी एवढा काळ एकच काम केले की यंत्रेही सुधारतात आणि नजरही. पण शंकेखोराने एक गोष्ट दाखवून दिली, तिला पेटीवाल्याकडे उत्तर नव्हते. आज आपल्यापर्यंत आलेले जर्मन सूर हे त्या काळच्या सगळ्या जर्मन सुरांचे प्रतिनिधी नव्हेत. जे टिकाऊ आणि गोड होते तेवढेच जपले गेले, मोडक्या पेटीतून काढून नव्या पेटीत बसवले गेले. जे सुमार होते ते केव्हाच मोडीत निघाले. शिवाय ज्याला महाग सूर परवडत होते त्याने पेटीही उत्तम सागवानाची केली, आणि ती जुळवायलाही उत्तम माणूस गाठला. गोडवा या साऱ्यांचा. नाव एकट्या जर्मनीचे झाले.

आणि त्या नावाचा इतिहास तर चमत्कारिक आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात आपल्या देशाचा माल पाहून फ्रान्ट्स रॉयलो या जर्मन तज्ज्ञानेच तो स्वस्त आणि सुमार असल्याचा निर्वाळा दिला होता. पुढे १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. हेतू असा, की शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांची नक्कल करणारा जर्मन माल गिऱ्हाइकाने ओळखावा आणि टाळावा. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे कलंक म्हणून जन्माला आली. दहा वर्षांच्या आतच, १८९६ मध्ये, त्याच अक्षरांच्या नावाचे एक पुस्तक लंडनमध्ये निघाले, ते जर्मन माल इंग्लंडच्या घराघरांत कसा शिरला याची तक्रार करणारे. डाग म्हणून लावलेल्या शिक्क्याचे पदक व्हायला एक पिढीसुद्धा लागली नाही. तेच पदक पुढे कधीतरी एका दुकानदाराने मेहकरकडच्या एका शेतकऱ्याला दीडपट किमतीत विकले. तेही पेटीवर नसलेले, नुसते तोंडी.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारा माल थांबला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक नियंत्रणे आली. १९६८ साली साध्या दुकानात नवे जर्मन सूर सहज मिळणे अवघडच होते. हा हिशेब आम्ही आज बसून करतो आहोत. नानांच्या हातात तेव्हा हिशेब होता तो फक्त कापसाचा.

कापसावरून आठवले. आमच्या भागाला गावाच्या नावाने होणारा न्याय-अन्याय नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला, तो उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा सगळा कापूस 'ऊमरा' या एका नावाने ओळखला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. मेहकरच्या काळ्या रानातला असो की अकोटचा, तिकडे तो ऊमरा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव वेगळे आणि पत वरची. मग हलका कापूस चांगल्या नावात मिसळण्याचे प्रकार आलेच. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला होता. नानांच्या आजोबा-पणजोबांनी पिकवलेल्या बोंडांवर जगाने असा परक्या गावाचा शिक्का मारला, आणि नातवाला परक्या देशाचा शिक्का विकला. पेटीवाल्याला ही तुलना ओढून आणलेली वाटते. शंकेखोराने ती ठेवायला लावली.

खरी गंमत अशी, की जिच्या सुरांच्या गावावरून आम्ही भांडत होतो ती पेटीच मुळात परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४२ साली 'हार्मोनियम' या नावाचे पेटंट घेतले. पायाने भाता मारायचे ते मोठे वाद्य. जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढावा अशी पेटी घडवण्याचे श्रेय सामान्यतः कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते, साल १८७५. तिथून ती संगीत नाटकांत आली, बैठकीत आली, कीर्तनात आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. त्यानंतरही आधी केवळ साथीपुरते उघडले. आक्षेप दोन प्रकारचे होते आणि ते एकमेकांत पार मिसळून गेले होते. एक आक्षेप वाद्याच्या घडणीचा: सूर ठरलेले, मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, सप्तकाचे बारा समान तुकडे. हा आक्षेप खरा आहे आणि आजही खरा आहे. दुसरा आक्षेप जन्मस्थानाचा: ती परकी आहे. पहिला आक्षेप ऐकून तपासता येतो. दुसरा ऐकण्याची गरजच भासू देत नाही.

त्या एकतीस वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या एकाही भजनी मंडळाने पेटी बाहेर काढली असेल असे वाटत नाही. शेजारच्या जालन्याजवळ जन्मलेल्या अप्पा जळगावकरांनी (१९२२–२००९) याच 'परक्या' पेटीवर भल्याभल्या गवयांची साथ केली, आणि गळ्यातून येणारी हरकत तिच्या आडमुठ्या पट्ट्यांतून अशी काढली की मींड नसल्याचे ध्यानात येऊ नये. पंढरीची वारी मृदंग-वीणा-टाळांची. पण आज आमच्या गावचे भजन कुणी पेटीशिवाय करून दाखवावे. नानांना पेटी परदेशी आहे असे सांगितले तर ते हसतील. सूर परदेशी असू शकतात; पेटी कशी असेल?

पेटी दुरुस्त होऊन आली त्या रात्री आम्ही एक उद्योग केला. नाना झोपले होते. कारागिराने दाखवलेल्या त्या नऊ खर्जाच्या पट्ट्या कुठल्या, हे आम्ही लिहून घेतले होते. एकाने पाठ करून बसायचे, दुसऱ्याने फक्त खर्जाचा एक सूर वाजवायचा. पाठ केलेल्याने सांगायचे, विलायती की पालिताणा. वीस वेळा. पेटीवाल्याचे अकरा बरोबर आले, शंकेखोराचे नऊ. नाणे उडवले असते तरी एवढे आले असते. लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे: चुकीचे उत्तर देतानाही आम्ही कारणे देत होतो. "याला गोलाई आहे", "हा जरा कोरडा लागतो." शब्दांचा तोटा आम्हांला कधीच नसतो.

असे प्रयोग आमच्याहून अधिकारी मंडळींनी केले आहेत. २०१२ मध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकवीस व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून, तीन जुने इटालियन व्हायोलिन (त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस) आणि तीन नवे दिले. बहुतेकांनी पसंत केला नवाच, आणि हातातला जुना की नवा हे त्यांना नीट सांगता आले नाही. २०१४ मध्ये नावाजलेल्या दहा एकलवादकांना बारा व्हायोलिन देऊन केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष फारसा वेगळा नव्हता. २०१८ मध्ये लँकेस्टरच्या संशोधकांनी सहा गिटार घेतले. सगळे एकसारखे, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड निराळे, महागड्यापासून साध्यापर्यंत. बावन्न वादकांनी दिलेल्या गुणांत लाकडागणिक म्हणावा असा फरक निघाला नाही. पेटीवाल्याचे म्हणणे, की वाद्य वीस मिनिटांत कळत नाही, संसारासारखे ते वर्षांनी कळते. त्यात तथ्य आहे. पण मग दुकानात, पाच मिनिटांत, दीडपट पैसे देताना नेमके काय कळलेले असते?

गिटारचा प्रश्न आमच्याकडे दुसऱ्याही वाटेने आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी, घरी दोन एकर सोयाबीन, भावाच्या पैशांतून गिटार घेणार होता. त्याने विचारले, "सर, इंडोनेशियाचा घेऊ की चायनाचा? लोक म्हणतात अमेरिकेचाच खरा." आम्ही त्याला फेंडरची गोष्ट सांगितली. या अमेरिकन कंपनीने १९८२ मध्ये जपानात गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा जपानी म्हणून जे दुय्यम मानले जात, तेच त्या वर्षांतले गिटार आज हौशी लोक शोधून शोधून घेतात. १९८७ मध्ये कंपनीने मेक्सिकोत एन्सेनाडा येथे कारखाना काढला. कॅलिफोर्नियातल्या कोरोनाच्या कारखान्यापासून तो मोटारीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. मधे एक सरहद्द आणि किमतीतली मोठी दरी. लाकूड, तारा, यंत्रे यांत फरक असतो आणि तो पैशांनुसार असतो. महागाच्या कारखान्यात हाताला जास्त वेळ दिला जातो, हेही खरे. सरहद्द मात्र तारेला ऐकू येत नाही. विद्यार्थ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग विकताना किंमत कुणाला जास्त येईल?" आमच्याकडे याला एकच उत्तर होते आणि ते आमच्या बाजूचे नव्हते.

स्थळाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. मिरजेचे उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घडवणाऱ्या-परजणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या लोकांनी तिथे तंतुवाद्ये करायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा येतो तो पंढरपूरच्या बाजूने, लाकूड येते बाहेरून. मिरजेचे असे त्यात काय, तर जवारी काढणारा हात आणि शेजारच्या घरात तोच हात असलेला दुसरा माणूस, जो पहिल्याची चूक लगेच काढतो. आमच्या मते स्थळ म्हणजे हेच. माती-पाण्यापेक्षा ती एक वर्दळ असते, एकमेकांचे काम पाहणाऱ्या माणसांची. पालिताणाही याच अर्थाने स्थळ आहे. जैनांचे तीर्थ म्हणून त्याला सारे ओळखतात. देशातल्या कितीतरी पेट्यांच्या पोटात त्याचे पितळ बोलते, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्याचे नाव पदक झाले नाही, एवढाच त्याचा दोष. दुकानदाराला ते लपवावे लागले.

इथपर्यंत आम्ही वाद्यांविषयी बोलत होतो. आता घरचे सांगतो. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव काढून कविता दिल्या आणि त्यांची मते गोळा करून १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' लिहिले. एम.ए.ला आम्ही हे पुस्तक 'टीपा लिहा'पुरते वाचले होते. पेटीच्या प्रकरणानंतर वर्गात तो प्रयोग करून पाहिला. एका कवितेची निनावी प्रत वाटली. लय, शब्दकळा, प्रेमभावनेतला संयम यांवर मुलांनी बरे लिहिले. कवी कुठला असेल, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर पुणे किंवा कोकण. एकाही मुलाने आपला जिल्हा लिहिला नाही. कविता होती ना. घ. देशपांडे यांची. आयुष्यभर मेहकरला राहिलेले, वकिली केलेले हे कवी. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली, 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वर्गातल्या सहा मुली रोज मेहकरहून एस.टी.ने येतात.

नाव सांगितल्यावर जे घडले त्याने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. त्याच मुलांना तीच कविता पुन्हा वाचायला दिली. आता तिच्यात वऱ्हाडच्या मातीचा गंध निघाला, रांगडेपणा निघाला, एकाने तर शेतकऱ्याची वेदना शोधली. कवितेतला एक शब्द बदललेला नव्हता. हे त्यांना कुणी शिकवले? आम्हीच. ग्रामीण, प्रादेशिक, देशी, पाश्चात्त्य वळणाची: या चिठ्ठ्या आम्ही अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आहोत, आणि लिहून झाल्यावर मुले वहीत उतरवतात, पुस्तक मिटतात. गाव ठाऊक नव्हते तेव्हा त्यांनी लय ऐकली होती.

या चिठ्ठ्यांचा चटका आम्हांलाही बसलेला आहे. फार वर्षांपूर्वी, दूरच्या एका मोठ्या शहरातल्या मुलाखतीत आमच्यापैकी एकाला पहिला प्रश्न आला, "एम.ए. कुठून?" अमरावती विद्यापीठ म्हटल्यावर समितीतल्या एका विद्वानांनी "हं" म्हटले आणि फाइल मिटली. पुढचे दोन प्रश्न हवापाण्याविषयी होते. बुलढाणा थंड असते ना? असते. त्या 'हं'विषयी त्याने पुढे कितीदा तरी कडवटपणे सांगितले आहे. आणि हा तोच माणूस, जो जर्मन नाव निघाले की वडिलांच्या पेटीला गोलाई आहे म्हणतो. शंकेखोराने हे त्याच्या तोंडावर म्हटले. दोन दिवस कपाटाच्या दोन्ही बाजू शांत होत्या. शंकेखोर स्वतःही घाटावरचा आहे आणि घाटाखालच्यांच्या मराठीविषयी जे बोलतो, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

राहिला प्रश्न नानांना सांगण्याचा. पेटीवाला नको म्हणत होता. या वयात कशाला; त्यांनी आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती काढून घेऊन आपल्या हाती काय येणार. शंकेखोराचे म्हणणे, आपण विद्यार्थ्यांना सत्यासत्याच्या गोष्टी सांगतो आणि घरी गप्प बसायचे, हे काही खरे नाही. आणि नानांचा अभिमान जर्मनीचा होता की पेटीचा, हे आपण परस्पर ठरवू नये. शेवटी सप्ताहाच्या चार दिवस आधी ओसरीवर, संध्याकाळी, पेटीवाल्यानेच सांगून टाकले. पालिताणा कुठे आहे तेही सांगितले.

नाना बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दीडपट घेतले व्हते त्यानं."

"हो."

"म्हंजे गोऱ्ह्याचे पैशे गेले." आणि थोड्या वेळाने, "तुही आजी बराबर व्हती म्हना."

मग त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता सोडला आणि मधल्या सप्तकात एकेक पट्टी दाबत वर गेले. बोटे आता थरथरतात, पण कान जागेवर आहे. कोमल निषादावर थांबले, तोच पुन्हा दाबला. "हा अजून फुसफुसते. त्या खामगाववाल्याले म्हना, पैशे घेतले तं काम पुरं कर."

"मंडळात सांगायचे का, नाना?"

"काय?"

"सूर जर्मन नाहीत ते."

"पयले सप्ता होऊ दे," नाना म्हणाले आणि पुढची पट्टी दाबली.

सप्ताह झाला. सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला पलीकडच्या गावचे महाराज आले होते. त्यांनी पेटीचे कौतुक केले, नानांनी मान डोलवली आणि या वेळी देशाचे नाव घेतले नाही. मंडळात अजून कुणी काही बोललेले नाही. कोमल निषादासाठी येत्या रविवारी पुन्हा घाट उतरायचा आहे.